बावीसचा पाना आणि मुरुडचं डोहाळजेवण

गाडीचा सेन्सर मिस्त्रीनं मोडला, असं मी मुरुडात दहा बायांना सांगितलं. गळ्याला हात लावून सांगितलं. एकीनं तरी विश्वास ठेवावा? न्हाई! सगळ्या आपल्या माझ्या हाताकडं बघायच्या. आता हाताला काळं वंगण लागलेलं होतं, ती गोष्ट वेगळी.

चौथी शिकलेली बाई आहे मी, पण येडी न्हाई. तरी त्या दिवशी जे केलं ते येड्यानंही केलं नसतं. चहा घ्या आधी, गार होऊन राहिला. मग ऐका.

कंधारला माझी पिठाची गिरणी आहे. बावीस वर्षं झाली. पट्टा मी बदलते, दगडाला टाकी मी लावते, नटबोल्ट मी खोलते. आमचे हे? हे लोकांचे डबे ओळीनं मांडतात. लई शांत माणूस! इतका शांत की लग्नाला तीस वर्षं झाली, अजून माझं नाव तोंडातून काढलं न्हाई. लग्नात बायांनी उखाण्याला धरलं, तर गडी "पाणी पिऊन येतो" म्हणून गेला, तो वरातीलाच उगवला! घरात हाक म्हणजे "अगं." आग लागली तर "अगं, ऐकलं का?"

तर आमच्या लेकीचं, रेखाचं डोहाळजेवण होतं. सातवा महिना. तिचं सासर लातूरकडच्या मुरुडला, ओटी अकराला. आणि रेखाची सासू म्हणजे कोण? वाघीण! रेखाच्या लग्नात आमची बस पंक्चर झाली, आम्ही जरासे उशिरा पोचलो, तर भर मांडवात म्हणते कशी, "कंधारची माणसं अक्षता वाळल्यावर येतात!"

तेव्हाच ठरवलं होतं मी. डोहाळजेवणात पहिली ओटी आईची. दहाच्या ठोक्याला हिच्या दारात उभी राहीन, म्हटलं. मग बोल, काय बोलायचं ते!

आणि नेमकी आदल्या दिवशी गाडी रुसली. जुनी गाडी, कुणाची तरी वापरून झालेली. समोर पिवळा दिवा लागला आणि ती उचक्या द्यायला लागली.

गिरणीच्या समोरच सलीम मिस्त्रीचं पत्र्याचं शेड आहे. त्यानं बॉनेट उघडलं, आत डोकं घातलं.

"मावशी, धुराच्या पाईपात सेन्सर असतो. तो धूर हुंगतो आन इंजिनाला सांगतो, पेट्रोल किती प्यायचं ते. त्याचं नाक बसलंय."

"हुंगायला काय कुत्रं हाय का ते?"

"तसंच समजा. नवा हाय माझ्याकडं. पर जुना गंजून पाईपात जाम बसलाय. तो निघंल तवा नवा बसंल."

मग त्यानं फुसफुस करून तेल मारलं आणि हात पुसले.

"झालं?" मी म्हटलं.

"दोन तास मुरू द्या. मग इंजिन जरासं गरम करतो, आन हळूच सोडवतो. जाम बोल्ट रुसल्या जावयासारखा असतो, मावशी. वढून येत न्हाई, मनधरणी लागती. मी जेवून येतो. तवर हात लावू नका!"

हात लावू नका! मला! बावीस वर्षं गिरणी चालवणाऱ्या बाईला!

आणि दोन तास? दोन तासांत मी दोन पोती दळते हो!

दहा मिनिटं कशीबशी काढली. मग गिरणीतून बावीसचा पाना आणला. सेन्सरला असा चपखल बसला की मला वाटलं, देवानं तो त्याच्यासाठीच घडवला.

"अगं, मिस्त्री येऊ दे," आमचे हे.

"मिस्त्री जेवून झोपंल! उद्या विहीण मला चावणार हाय, मिस्त्रीला न्हाई!"

लावला जोर. हलंना. पान्याच्या दांड्यात लोखंडी पाईप घातला, आणखी जोर लावला. हलंना!

"अगं, ऐकलं का? दुसरीकडं फिरवून तर बघ."

"तुमी डबे मांडा!"

गेले बिचारे, डबे मांडायला.

तेवढ्यात सिंधूबाई ज्वारीचा डबा घेऊन आली. धिप्पाड बाई. मी म्हटलं, "सिंधे, ठेव तो डबा आन धर ह्यो पाईप." तिच्या मागं दळणाला आलेल्या आणखी दोघी होत्या, त्यांनाही धरलं. चार बाया, एक पाईप!

"वढा गं! हेऽऽ! आणखी! सिंधे, खातीस कशाला मग? वढ!"

कटाक!

मी सिंधूवर, सिंधू ज्वारीवर. पण माझ्या पान्यात सेन्सर, आणि त्याची वायर शेपटीसारखी लोंबतेय!

"सुटलाऽऽ!" मी अशी ओरडले की बसस्टँडपर्यंत गेलं असेल.

घरातून गूळ आणून वाटला. हो, वाटला! रेखाला फोन लावला. "पोरी, मिस्त्रीला न जमलेलं काम तुझ्या मायनं केलं. तुझ्या सासूला सांग, दहाला दारात!"

सलीम आला दात कोरत. मी त्यालाही गुळाचा खडा दिला आणि सेन्सर हातावर ठेवला. त्यानं तो उलटा करून बघितला, सुलटा करून बघितला.

"मावशी, ह्याचं खालचं अंग कुठं हाय?"

"कसलं अंग?"

"आट्याचं. पाईपात बसतं ते."

"ते पाईपातच हाय की."

"मग सुटलं काय?"

सिंधूबाई गूळ चघळायची थांबली.

"कोणीकडं फिरवला?" सलीमनं विचारलं. मी ऐटीत हात फिरवून दाखवला. उजवीकडं. तो मटकन टायरवर बसला.

"मावशी, तेलानं ढिला झाला असता. तुमी चौघींनी त्याला आवळला! आवळून आवळून मोडला!"

"आवळला कसा? माझ्या गिरणीचा नट..."

आणि माझ्याच बोलण्यात मी सापडले. कारण माझ्या गिरणीच्या दगडाचा नट उलट्या आट्यांचा आहे. जगातले नट डावीकडं फिरवले की सुटतात, तो एकटा उजवीकडं सुटतो. हे दर नव्या माणसाला बोंबलून कोण सांगतं? मी! बावीस वर्षांत माझा हातच तसा वळलेला.

मग कबूल केलं का? ह्या! "तुझं तेलच भेसळीचं!" म्हटलं, आणि गिरणी चालू केली, म्हणजे त्याचं काही ऐकू येऊ नये.

बिचारा संध्याकाळपर्यंत खपला. राहिलेला तुकडा काही निघंना. म्हणाला, आता अख्खा पाईप उतरवावा लागेल, त्याचेही बोल्ट गंजलेत, चार दिवस लागतील. "उद्या जावाच लागत असंल तर काचा उघड्या ठेवून, दमानं जावा. आवाज मात्र येईल."

आवाज? अहो, तुटल्या जागेतून असा फडफडाट की पुढचे ट्रक आपणहून बाजूला व्हायचे! आणि वेग म्हणाल तर अहमदपूरच्या अलीकडं एक म्हैस आमच्या पुढं गेली. गेली ती गेली, वर वळून बघितलं तिनं.

दहाचे अकरा झाले, अकराचे बारा. मुरुडात शिरलो तेव्हा दीड वाजला होता. पारावरचा म्हातारा कानावर हात ठेवून ओरडला, "आरं, डीजे कुणी बोलावला?"

आत गेले तर रेखा फुलांचे दागिने घालून भिंतीला टेकलेली. फुलं सुकलेली, पोरीचं तोंडही सुकलेलं. "माय आल्याबिगर ओटी भरून घेणार न्हाई," म्हणून अडून बसली होती. सात महिन्यांची पोटुशी, अकरापासून उपाशी!

तिथंच खरं बोलायला पाहिजे होतं. पण विहीणबाई कमरेवर हात ठेवून आडव्या. "का हो, घड्याळ अजून कंधारचंच का?"

झालं! सुटली जीभ. "अवो, मिस्त्रीनं मोडली गाडी!"

एकदा सुटली ती सुटलीच. पहिलीला सांगितलं, मिस्त्री नवखा आहे. चौथीला सांगितलं, त्याला डोळ्यांनी दिसत न्हाई. दहावीपर्यंत मी त्याचा हात धरून "आरं, नको रे तोडू" म्हणून रडत होते! तिकडं कंधारात सलीमला उचकी लागून लागून पाणी पुरलं नसेल.

ओटी भरली. रेखानं माझ्या हातचा लाडू खाल्ला तेव्हा कुठं जीव भांड्यात पडला. मग बायांनी नावं घ्यायला सुरुवात केली, आणि विहीणबाईंची नजर दाराशी गेली. तिथं आमचे हे टोपी सावरत उभे.

"व्याही, आज सोडणार न्हाई! नाव घ्या. आन उशीर कुणापायी झाला, तेबी त्यातच सांगा!"

मी निवांत. तीस वर्षांत न्हाई घेतलं, ते आज घेतात व्हय? आता पाणी प्यायला जातील, म्हटलं, आणि दुसरा लाडू फोडला.

हे खाकरले. चुळबुळ न्हाई, लाजणं न्हाई. सरळ माझ्याकडं बघितलं, आणि अख्ख्या मुरुडाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले:

"सलीम मिस्त्री साधा माणूस, त्याचा काय गुन्हा?
उलटा पाना फिरवून सेन्सर मोडणारी... यमुना!"