बाटली नंबर चार आणि मूळपुरुष

मंगळवार, सकाळी साडेदहा. देवगडातल्या एका कॉलेजची स्टोअर रूम. फ्रीझर बंद, खाली पाण्याचं थारोळं.

तिथवर येतोच. पण आधीचं ऐकल्याशिवाय त्या थारोळ्याचा तुम्हाला राग येणार नाही, आणि तो यायला हवा. बातमीदाराकडे किस्से साठतात ते असेच. बातमीत न मावलेलं डोक्यात पडून राहतं आणि स्वस्थ बसू देत नाही.

फर्नांडिस मॅडम तिथे सूक्ष्मजीवशास्त्र शिकवतात. एकाच जंतूपासून त्यांनी सहा बाटल्या सुरू केल्या. सगळ्यांत सारखंच खारट खाद्य. रोज प्रत्येक बाटलीतला एक थेंब नव्या बाटलीत. जंतूंमध्ये आपोआप बदल होत राहतात. बहुतेक फुकट जातात, एखादा फायद्याचा निघतो आणि तो जंतू बाकीच्यांना मागे टाकतो. हे सहाही बाटल्यांत एकाच वाटेने घडतं की प्रत्येकीची वाट वेगळी, एवढाच मॅडमचा प्रश्न. मूळ जंतू मात्र फ्रीझरमध्ये छोट्या कुप्यांत गोठवून ठेवलेला. लॅब सांभाळणारे सावंत त्याला ‘मूळपुरुष’ म्हणत.

*

मी पहिली बातमी दिली. शहरातल्या डेस्कने मथळा बदलला: ‘देवगडात खारे जंतू तयार, मच्छीमारांत घबराट’.

सकाळीच मॅडमचा फोन. “जंतू मी तयार करत नाही, ते आपले आपण बदलतात. घबराट मात्र तुमच्याकडे कोणीतरी तयार केली.”

डेस्कशी भांडलो. ते म्हणाले, घबराट काढली तर बातमीत उरतं काय?

*

ती बातमी वाचून मिठबावचे आमचे भाऊकाका लॅबमध्ये हजर. आंब्याचे बागायतदार. सहा बाटल्या नीट पाहून म्हणाले, “बाय, तुझे जंतू रोज सुधारतत. माझो हापूस कित्याक सुधारना नाय?”

मॅडमनी समजावलं की हापूस कलमाचा, म्हणजे एकाच झाडाची फांदी पिढ्यान्‌पिढ्या पुढे चाललेली. “काका, त्याला बदलायला तुम्ही देता कुठे?”

काका उठले. “बदललो तर बाजारात घेतलो कोण?”

*

थेंबाला सुट्टी नसते. चतुर्थीला सावंत गावी गेले की थेंब मॅडम टाकणार, नाताळात मॅडम गोव्याला माहेरी गेल्या की सावंत. एका नाताळात त्यांनी माहेरून तीनदा फोन करून जंतूंची खबर घेतली. सावंत वैतागून म्हणाले, “मॅडम, माज्या पोराक ताप इलो तेव्हा तुमी एकदाच इचारल्यात.”

*

मग तपासणी समिती आली. एका सदस्याने विचारलं, “या प्रकल्पाचा लाभार्थी कोण?”

मॅडम म्हणाल्या, “सध्या तरी बाटली नंबर चार.”

सदस्य हसले नाहीत. प्राचार्यांचा चेहरा पडला. समिती गेल्यावर त्यांनी वेगळीच तक्रार काढली. स्टोअरच्या भिंतीपलीकडे सभागृह आहे, पाहुण्यांच्या भाषणात फ्रीझरची घरघर ऐकू येते. सावंत मला हळूच म्हणाले, “भाषणापेक्षा ती बरी.” त्याच दिवशी मॅडमनी फ्रीझरच्या स्विचवर चिकटपट्टी लावली आणि तिच्यावर लाल अक्षरांत लिहिलं: बंद करू नये. दुसरा फ्रीझर त्यांनी केव्हाचाच मागितला होता. मिळाला नव्हता.

*

बाटली नंबर चार खरंच वेगळी निघाली. इतर बाटल्या दुपारी गढूळ व्हायच्या, ही सकाळीच. मी वही उघडली. मॅडमनी ती मिटायला लावली.

“थांबा. आजचा जंतू आणि मूळपुरुष एकाच बाटलीत सोडायचे. कोण पुढे जातो ते बघायचं. मगच बदल फायद्याचा म्हणायचा. नुसतं डोळ्यांना दिसलं म्हणून नाही.”

शर्यत मंगळवारी लावायची ठरली. बातमी धरून ठेवायची मला सवय नाही. तीन दिवस लॅबसमोरच्या टपरीवर चहा पीत येरझाऱ्या घातल्या.

*

मधल्या शनिवारी सभागृहात एका पुढाऱ्याचा सत्कार होता. भाषणं लांबली. रविवार-सोमवार सुट्टी. मॅडम लॅबमध्ये येऊन थेंब टाकून जात होत्या. स्टोअरची किल्ली ऑफिसात, आणि ऑफिस बंद.

मंगळवारी कुलूप उघडलं तेव्हा मी तिथेच होतो. सगळ्या कुप्या वितळलेल्या, कोमट. सावंत भिंतीला टेकून खाली बसले.

मी विचारलं, त्यातले काही जंतू जगले असतील ना?

“असतील,” मॅडम म्हणाल्या. “पण जे तगले ते या गरमीत निवडून उरलेले. तो मूळपुरुष नव्हे. आता शर्यत लावू कोणाशी?”

बाटली नंबर चार लॅबमध्ये होती, सकाळीच गढूळ झालेली.

कॉलेजने लेखी कळवलं की सुट्टीत वीज गेली होती. मी वीज कार्यालयात विचारलं, शनिवारपासून एकदाही गेली नव्हती. प्राचार्यांना विचारलं, ते बैठकीत होते. शिपायांना विचारलं, त्यांनी एकमेकांकडे पाहिलं. अजूनही विचारतो.

त्या सकाळी त्याच बोर्डावरचा पंखा फिरत होता. फ्रीझरचा स्विच तेवढा बंद होता, आणि चिकटपट्टी त्याच्यावर पुन्हा नीट, सरळ, लाल अक्षरं वर येतील अशी लावलेली होती.