उमेदवाराच्या नवऱ्याची गाडी

पाली गावच्या मोहनरावांचा मुलगा, एवढीच अमरसिंहाची ओळख, आणि तीही बापानं कमावलेली. स्वतः त्यानं आजवर एक काम धड केलं असेल, तर ते म्हणजे पांढरे कपडे मळू न देणं. बायको विजयमाला लग्नापासून हे बघत आली होती. पंचायत समितीचा गण महिलांना राखीव सुटला, तेव्हा त्यानं तिला विचारलंसुद्धा नाही. परस्पर बॅनर छापून आणला. त्यावर तो छातीशी हात जोडून उभा आणि उमेदवार कोपऱ्यात, टपालाच्या तिकिटाएवढी.

मग या गड्याला सुचलं काय, तर गाडी उंच करून घ्यायची. प्रचाराला गाडी दमदार पाहिजे म्हणे. तिचा अर्ज भरून परतताना त्यानं बीडच्या एका गॅरेजसमोर गाडी थांबवली. मिस्त्रीनं दोन लिफ्ट किट दाखवले, एक दोन इंची आणि एक चार इंची, स्प्रिंगा-शॉकअपसकट.

"दादा, गाडी चालती कुठं? रानात, नदीत, का रोडनंच?"

"सगळीकडं," अमरसिंह म्हणाला. रानात तो शेवटचा कधी गेला होता, हे त्याच्या रानालाही आठवलं नसतं.

विजयमाला म्हणाली, "दोन इंचीच बघा. मला वस्तीवस्तीला उतरायचंय, चढायचंय. साडी नेसून."

"तुला काय कळतंय त्यातलं? अंगदच्या गाडीला दोन इंची हाय. मग आपण कावून दोन इंची घ्यायची?"

अंगद म्हणजे समोरच्या उमेदवाराचा नवरा. निवडणूक दोन बायकांची आणि मापं निघत होती नवऱ्यांच्या गाड्यांची. विजयमालाला नवऱ्याची कीव यायला हवी होती, पण आली ती किळस. चार इंची किट बसला, वर मोठी चाकंही चढली.

पहिलीच वस्ती ऊसतोड मजुरांची. मतदानासाठी माणसं कारखान्यावरून गावी आली होती. विजयमालानं दार उघडलं, पाय खाली सोडला, तर तो जमिनीला पोचेना. चार माणसं हसली. अमरसिंहानं स्टेअरिंगवरूनच तोडगा काढला.

"उतरू नको. वरूनच हात जोड. रुबाब दिसतो."

तिनं हात जोडले. खाली बायका डोळ्यांवर हात धरून तिच्याकडं बघत उभ्या होत्या. त्यांच्यातली भिवराबाई, उभा जन्म ऊस तोडलेली म्हातारी, सगळ्यांदेखत म्हणाली, "बाईसाहेब, मत मागायला आलात का दर्शन द्यायला? खाली या की. वर बघून माना मोडायल्यात आमच्या."

ते विजयमालाच्या जिव्हारी लागलं, कारण ते खरं होतं. असंच निवडून यायचं आणि पाच वर्षं असंच हात जोडून बसायचं, तर ती बॅनरवर होती तेवढीच राहणार होती. तिनं निऱ्या गोळा केल्या आणि उडी मारली. काठ टरकन फाटला. ती तशीच जाऊन भिवराबाईच्या ओट्यावर बसली. बायका जवळ सरकल्या, पाण्याचं बोलल्या, मागं ठेवून जाव्या लागणाऱ्या लेकरांचं बोलल्या. गाडीचा हॉर्न दोनदा वाजला.

"तुमी व्हा पुढं," ती मान न वळवता म्हणाली.

उरलेल्या वस्त्या तिनं भिवराबाईच्या सुनेच्या स्कूटीवर केल्या. मागून ती उंच गाडी रिकामीच फिरायची. लोक विचारायचे, उमेदवार कुठंय? अमरसिंह ओशाळून पुढं बोट दाखवायचा.

विजयमाला निवडून आली. पंचायत समितीच्या पहिल्या बैठकीला अमरसिंह तिच्या आधी आत शिरला. बायको निवडून येते आणि खुर्चीत नवरा बसतो, ही आपल्याकडची जुनी रीत. त्यामुळं त्याला कुणी अडवलं नाही. इतर दोघी-तिघींचे नवरेही ऐसपैस बसलेच होते. त्यानं तिच्या शेजारची खुर्ची ओढली.

"ही मेंबरांची बैठक हाय," विजयमाला म्हणाली. "तुमी कावून आलात?"

अमरसिंह हसला, कुणी सोबत हसतंय का ते बघितलं. कुणी हसलं नाही.

"अगं, सह्या कुठं करायच्या ते सांगाया..."

"मला वाचता येतंय. बाहेर बसा."

तो उठला. दारापर्यंत पोचला, तेव्हा त्याच्यामागं आणखी दोन नवरे खाली मान घालून चालत होते.