लायल प्रिचेटचा अर्धा मोव्हर

लायल प्रिचेटच्या मालकीचा अर्धा मोव्हर होता. उरलेला अर्धा कुंपणापलीकडच्या चेन्सू फारुजाचा. सव्वीस वर्षांपूर्वी, सेंट आल्बन्सच्या त्या गल्लीत दोघांच्याही डोक्यावर केस असताना, निम्मे निम्मे पैसे घालून त्यांनी गवत कापायचं ते धूर ओकणारं यंत्र घेतलं. तेव्हापासून एक शनिवार लायलचा, एक चेन्सूचा. ज्याची पाळी त्याने दोन्ही घरांच्या पुढचं-मागचं गवत मधे न थांबता एका दमात कापायचं आणि दुसऱ्याने खुर्ची टाकून खोड्या काढायच्या. लायल जन्मभर रेल्वेच्या वर्कशॉपात फिटर होता. "वाकडं गेलास!" हे तो ज्या समाधानाने ओरडे, त्या समाधानाने त्याने लग्नात "हो" तरी म्हटलं असेल की नाही, शंका आहे. बायको गेल्यापासून तर त्याचं आठवड्याचं बोलणं बहुतेक शनिवारीच उरकायचं.

नोव्हेंबरच्या, म्हणजे तिकडच्या ऐन वसंतातल्या, पहिल्या शनिवारी मोव्हर दोनदा खोकला आणि गेला. लायलने उघडून पिस्टन पाहिला आणि टोपी काढली.

चेन्सूची मुलगी डोरिस तिथेच उभी होती. "बरंच झालं. बाबांना हिवाळ्यात स्टेंट घातलाय. आता ढकलाढकली बंद. मी त्यांना रोबो घेऊन देणार आहे. आपला आपण फिरतो आणि गवत कापतो."

चेन्सूने लायलकडे पाहिलं. इथेच लायल चुकला. त्याच्या पिढीचे पुरुष दाढ उपटून घेतील, पण मला अमुक हवंय असं म्हणणार नाहीत.

"झकास!" तो म्हणाला. "मीही माझ्यापुरता एक छोटा घेईन. काही हरकत नाही, दोस्ता."

"तुझ्यापुरता?"

"मग काय. माझं गवत ते केवढं!"

"बरं," चेन्सू म्हणाला आणि आत गेला.

पुढचे दोन शनिवार दोघं आपापल्या दारात उभे राहून हवेबद्दल बोलले. गवत घोट्याच्या वर गेलं, मग पोटरीला लागलं. तिसऱ्या शनिवारी डोरिसने दोघांनाही गाडीत घातलं आणि दुकानात नेलं.

रोबो एका हिरव्या गालिच्यावर कासवासारखा बसला होता. लायल चार रांगा सोडून छोट्या मोव्हरचे दांडे उगाच वरखाली करत होता, पण कान कासवाकडे. डोरिसने एकदा पैसे भरले की शनिवार संपले, हे त्याला कळत होतं. शेवटी न राहवून तो तिकडे गेला.

"पावसात काय करतो हा?" त्याने विक्रेत्या मुलीला विचारलं.

"आपण होऊन घरी येतो," ती म्हणाली. तिच्या छातीवरच्या पट्टीवर बेक असं नाव होतं.

"चाकात खडा अडकला तर?"

"फोनवर निरोप येतो."

"पातं बोथट झालं तर?"

"दोन मिनिटांत बदलता येतं, सर."

लायलच्या कपाळावर घाम आला. यंत्रात खोट सापडत नाही, असं त्याच्या आयुष्यात पहिल्यांदाच होत होतं.

"लायलकाका, तुम्ही नक्की कुणाच्या बाजूने आहात?" डोरिस म्हणाली.

"कुणाच्याच नाही. आपलं विचारतोय."

"हद्द तेवढी एकदा आखून द्यायची," बेक म्हणाली. "मग तुमच्या जागेबाहेर बोटभरसुद्धा जात नाही."

डोरिसने पर्समधून कार्ड काढलं. चेन्सू खिशात हात घालून स्वतःचे बूट बघत होता. आता बोलेल, लायलला वाटलं. आता बोलेल. चेन्सू बूटच बघत राहिला. डोरिसने कार्ड पुढे केलं.

"थांब!"

आवाज एवढा मोठा निघाला की पलीकडे करवती बघणाऱ्या माणसाने वळून पाहिलं. लायलचे कान लाल झाले.

"मला माझ्यापुरता नकोय," तो म्हणाला. "मला अर्धाच हवाय."

चेन्सूची मान झटकन वर आली.

"मग तीन आठवडे मूग गिळून का बसला होतास, गाढवा?" चेन्सू कडाडला.

"तू का नाही बोललास?"

"तूच म्हणालास ना माझ्यापुरता! मला वाटलं, कंटाळला हा मला."

"कंटाळलोच आहे! सव्वीस वर्षं कंटाळलोय!"

"पुरे," डोरिस म्हणाली. "तुमचं काय जातं भांडायला? अ‍ॅम्ब्युलन्समध्ये बाबांचा हात धरून मी बसले होते. तुम्ही नव्हता, काका."

लायलने टोपी हातात घेतली. तो जवळच्याच एका मोव्हरकडे गेला आणि त्याच्या दांड्यावर हात ठेवला.

"हा स्वतःच पुढे जातो," तो हळू आवाजात म्हणाला. "ढकलायचं नाही, नुसतं मागून चालायचं. डॉक्टरांनी चालायला सांगितलंय ना?"

"सांगितलंय."

"आणि चेन्सू चालत असताना मी समोर बसलेला असतो, डोरिस. सगळा वेळ याच्याकडेच बघत. खडा अडकला तर रोबो निरोप धाडेल. पण तुझे बाबा घरात पडले, तर त्याला कळणार आहे?"

डोरिसने वाकून त्या मोव्हरची दोरी ओढून पाहिली.

"दोरी ओढून सुरू होणारा नको. बटणाचा," ती म्हणाली.

बटणाचा! लायलमधला फिटर कळवळला. "चालेल," तो म्हणाला.

"घरामागच्या चढावर बाबांनी जायचं नाही. तिथे तुम्ही."

"हा माझ्या तिथल्या लिंबाच्या झाडाची वाट लावेल," चेन्सू म्हणाला.

"बाबा, गप्प बसा."

बेकने बटणाच्या मोव्हरचं खोकं मागवलं. "गॅरंटी कुणाच्या नावावर करू? एकच नाव बसतं."

दोन्ही म्हाताऱ्यांनी एकदमच तोंड उघडलं.

"माझ्या," डोरिस म्हणाली. "आणि पुन्हा एकमेकांशी अबोला धरलात, तर त्याच दिवशी येऊन मोव्हर घेऊन जाईन."

दोघांनी माना डोलावल्या आणि खोक्याला एकेका बाजूने हात घातला.

"बाबा! तुम्ही उचलायचं नाही!"