रजिस्ट्रीतल्या परक्यांची चौकशी

माझ्यासारखा शहाणा अख्ख्या धानोऱ्यात नाही, असं मला गेल्या महिन्यापर्यंत वाटायचं. आता नुसतं 'चौकशी' म्हटलं तरी मी विषय बदलतो. बसा, चहा येतोय तोवर माती कशी खाल्ली ते सांगतो.

मी समाजातली लग्नं जुळवतो, हौस म्हणून. पोरापोरींचे सगळे बायोडाटे माझ्या जुन्या कॉम्प्युटरात. आणि माझा स्वतःचा भूषण, अक्कलकुव्याला शाळेत मास्तर, बत्तीस वर्षांचा झाला तरी बिनलग्नाचा! घरात हिचं रोज एकच भजन, "जगना लगनं लावतस, आन घरना पोऱ्या तसाच शे."

यंदा भूषणसाठी पाच स्थळं हेरून ठेवली होती. त्यातली दोन गोरखनानांनी दुसरीकडे जुळवून टाकली. नाना म्हणजे गावातले दुसरे लग्नं जुळवणारे. त्यांना माझी स्थळं कळली कशी? नक्की माझ्या कॉम्प्युटरात कोणीतरी घुसलंय!

मग काय, मोबाइलवर एक व्हिडिओ बघून मी रजिस्ट्री उघडली. रजिस्ट्री म्हणजे कॉम्प्युटरची आतली नोंदवही, कोणता प्रोग्रॅम कुठे राहतो, कोणाचं काय काम. बघतो तर हजारो नावं आणि एकही ओळखीचं नाही! ना गावाचा पत्ता, ना मामाकुळाचा. आमच्यात ज्याचा मामा कोण ते कळत नाही, त्याला ओट्यावरसुद्धा बसवत नाहीत. एकेकाला धरून डिलीट केलं. चाळीसेक गेले असतील. फार समाधान वाटलं.

दुसऱ्या दिवशी कॉम्प्युटर सुरूच होईना. नुसता काळा पडदा. भूषणची उरलेली तीन स्थळं आत अडकली.

हिने कुठून कुठून विचारून विसरवाडीहून रेखा नावाची पोरगी बोलावली, कॉम्प्युटर दुरुस्त करणारी. वर मला म्हणाली, आपल्यातलीच शे. झालं, माझा संशय दुप्पट! गोरखनाना तरी कोण परके आहेत?

रेखा कामाला बसली, मी मागे खुर्ची टाकून पहाऱ्याला. ती म्हणाली, कोणीतरी रजिस्ट्रीतल्या नोंदी पुसल्यात. मी पंख्याकडे बघत राहिलो. आधी फाइली बाहेर काढून ठेवते, मग जुनी रजिस्ट्री परत बसवते, असं सांगून तिने आपला पेनड्राइव्ह लावून त्यावरून कॉम्प्युटर तात्पुरता उघडला. आणि पडद्यावर 'मुली' नावाचं माझं फोल्डर तिच्या पेनड्राइव्हमध्ये जायला लागलं. डोळ्यांदेखत चोरी! मी पेनड्राइव्ह उपटला.

"काका, अर्ध्यात काढला. आता पहिल्यापासून करावं लागेल."

"ते राहू दे. मामा कोण तुझा?"

मामा शहाद्याचे निघाले. मी नंबर मागितला, तिने दिला. तिच्यासमोरच फोन लावून मामांना बजावलं, तुमची भाची समाजाच्या मुलींची यादी घेऊन चाललीय, जरा लक्ष ठेवा.

पोरीने पेनड्राइव्ह परत लावला. दोन तासांत कॉम्प्युटर सुरू केला, फाइली जागच्या जागी ठेवल्या, पेनड्राइव्ह माझ्यासमोर कोरा करून दाखवला आणि चहा न घेता गेली.

ती गेल्यावर ही स्वयंपाकघरातून बाहेर आली. कपाळाला हात. "दुरुस्तीनं त निमित्त व्हतं. भूषणकरता बलायेल व्हती तिले. त्याले फोटो बी पसंत शे."

चार दिवस तोंड लपवलं, मग धीर करून मामांना फोन केला. मुलाची नोकरी, शेती, स्वभाव, सगळं गोड आवाजात सांगितलं. विचारून सांगतो म्हणाले.

आठवड्याने त्यांचा फोन आला. "आप्पा, आम्ही तुमना पोऱ्यानी चौकशी करी. पोऱ्या सोनं शे, घर बी चांगलं शे."

मी खुर्चीतून उठलोच.

"व्हनारा सासरानी चौकशी करानी मातर गरज पडनी नही," मामा म्हणाले. "त्यास्नाच फोन उना व्हता."