मागच्या बाकावरचे वकील

मलकापूरच्या कोर्टात नवे न्यायाधीश बदलून आले, की आमचे एक ज्येष्ठ वकील पहिले तीन दिवस काळा कोट घरीच ठेवत. धोतर-टोपी घालून पक्षकारांच्या गर्दीत, मागच्या बाकावर बसत. साहेब साक्षीदाराला मध्येच तोडतात का, कागद स्वतः वाचतात का, जेवणाची वेळ जवळ आली की चिडतात का, हे सगळं ते पाहून घेत.

मी नवखा वकील. एकदा हसलो, तर म्हणाले, "कायदा सबन एकच हाय बे. आयकनारा कान अलग अलग राह्यते."

त्या वर्षी त्यांच्याकडे एका भाजीवालीचा विहिरीच्या पाण्याचा दावा होता. समोर गावचे पाटील. चौथ्या दिवशी वकीलसाहेब कोट चढवून उभे राहिले. नवे न्यायाधीश चष्म्यावरून बघत म्हणाले, "तीन दिवस आमची परीक्षा घेतलीत. पास झालो का?"

सगळं कोर्ट हसलं. 

बाहेर आल्यावर मला वाटलं, आता हे चिडणार. ते मात्र भाजीवालीजवळ गेले आणि खुशीत म्हणाले, "भेऊ नको बाई. या साहेबाले मांगच्या बाकावरचा मानूसबी दिसते."