उड्या मारणारं आडनाव

माझ्या चुलत सासऱ्यांनी साप ठेचावा तशी दोन्ही हातांनी पहार उचलली आणि पहिला घाव आमच्या आडनावाच्या पहिल्याच अक्षरावर घातला. हळदीच्या शेडच्या दारावर नुकतीच लावलेली अॅक्रिलिकची पाटी मधोमध तडकली. दुसऱ्या घावाला अर्धी पाटी खाली आली आणि तिचे तुकडे अंगणभर उडाले. म्हातारा दम खात होता, ओठातून रक्त गळत होतं, तरी थांबत नव्हता.

आखाडा बाळापूरच्या अलीकडे आमचं गाव. मी नांदेडला डिझाइन शिकले, लग्न होऊन इथे आले आणि घरी बसून लोकांच्या दुकानांच्या पाट्या, पाकिटं, वेबसाइट करून देऊ लागले. इकडच्या गिऱ्हाइकाला एकच फॉन्ट कळतो. जाड, ताठ, मागे काळी सावली, भोवती सोनेरी काठ. पिठाची गिरणी असो की बांगड्यांचं दुकान, नाव कसं छाती काढून उभं राहिलं पाहिजे. आमचं आडनावही तसंच उभं होतं, ट्रॅक्टरवर, फाटकावर, देवळाच्या पायरीवर. मला त्या अक्षरांचा मनापासून वीट आला होता.

म्हणून थोरल्या जावेने आणि मी घरची हळद दळून पाकिटातून विकायचं ठरवलं, तेव्हा मी हट्टाला पेटले. बाजारातली सगळी पाकिटं सारखीच दिसतात, आपलं लांबून ओळखू आलं पाहिजे. मी गुबगुबीत फॉन्ट निवडला. अक्षरांना पोट सुटलेलं, काने किंचित वाकलेले, वेलांटीला शेपटीचा झोक. शिरोरेषा तोडली आणि एक अक्षर वर, एक खाली ठेवलं. असा फॉन्ट फक्त पाकिटावरच्या नावासाठी वापरायचा असतो; खालचा मजकूर साधाच ठेवला, नाहीतर वाचणाऱ्याचं डोकं उठतं. पाकिटावर आडनाव घालावं ही नवऱ्याची इच्छा, नात्यागोत्यात ओळख लागेल म्हणून. शेडच्या पाटीवरही मी तेच नाव तसंच चढवलं. वेबसाइटवर मी एक गंमत केली. आडनावावर बोट ठेवलं की त्यातलं अक्षर टुणकन उडी मारायचं.

जावेने ते पाहिलं आणि हसत हसत पोत्यावरच बसली. घरात कुणी मोठं आलं की डोक्यावरचा पदर नाकापर्यंत ओढणारी बाई ती. थोरले दीर ट्रक घेऊन सदा बाहेर, आणि ही सदा गप्प. तिने पुन्हा पुन्हा बोट लावून आडनावाला उड्या मारायला लावल्या. मला फार बरं वाटलं. आडनावाला हसताना त्या घरात मी कुणाला पाहिलंच नव्हतं.

सासरे गेल्यापासून भावकीत शेवटचा शब्द या चुलत सासऱ्यांचा. पहारीच्या त्या दिवशी ते कळमनुरीच्या आठवडी बाजाराला गेले होते. बांधावरून ज्या घराशी आमचं जुनं वैर, त्या घरातला एक जण तिथे हॉटेलात चहा पीत बसला होता. त्याने मोबाइल चुलत सासऱ्यांच्या नाकासमोर धरला.

"ह्ये बगा पाटील, तुमचं आडनाव. दाबलं की उडतंय!"

तो दाबत राहिला, आडनाव उडत राहिलं आणि हॉटेल खदाखदा हसत राहिलं. यांनी त्याच्या कानफटात लगावली. मग त्या घरची बाकीची माणसं यांच्यावर तुटून पडली. टोपी गटारात गेली, ओठ फाटला, सदरा उभा टरकला. ज्या माणसासमोर भावकी उठून उभी राहते, त्याला भर बाजारात लाथा बसल्या. हे सगळं मला मागाहून कळलं. तेव्हा फक्त एवढंच दिसलं की म्हातारा रिक्षातून उतरला, भिंतीला टेकवलेली पहार त्याने उचलली आणि कुणाला काही न विचारता सुरुवात केली.

"आडनाव नाचवून राहिली व्हय गं? तमाशाचा बोर्ड हाय का ह्यो? डोक्यावरची रेघ काहून तोडली?"

"काका, थांबा!" माझा नवरा आडवा गेला. पाटीवर येणारी पहार त्याच्या हातावर बसली. हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला. वाळकी तुराटी गुडघ्यावर मोडताना येतो तसाच असतो तो. नवरा ओरडलासुद्धा नाही, फक्त खाली बसला. म्हातारा त्याच्याकडे न बघता आत घुसला आणि टेबलावरच्या माझ्या लॅपटॉपवर पहार घातली.

मला राग आला की डोळ्यांपुढे अंधार वगैरे येत नाही. उलट सगळं लख्ख दिसतं. पाटीचा एक लांब तुकडा पायाशी पडला होता, कडेला धारदार. तो मी उचलला आणि चुलत सासरे दारातून बाहेर येताच त्यांच्या डोक्यावर ओढला. कान वरपासून फाटला. मानेवरून रक्ताचा ओघळ आला आणि पहार त्यांच्या हातातून पडली. सून असा हात उचलेल हे त्यांच्या स्वप्नातही नव्हतं. मला पस्तावा झाला का, असं माहेरच्यांनी नंतर विचारलं. नाही झाला. आणखी एक ओढावा असं वाटत होतं. जावेने मागून घट्ट धरलं म्हणून राहिलं.

नवऱ्याच्या हाताला प्लास्टर पडलं, चुलत सासऱ्यांच्या कानाला टाके. पोलिसात कुणी गेलं नाही, घरातलं घरात मिटवायचं ठरलं. आमच्याच अंगणात सतरंज्या टाकून भावकी बसली. बायांनी दाराआड उभं राहायचं, चहा पोचवायचा, बोलायचं नाही, अशी इथली रीत. मी मात्र चौकटीत उभी राहिले. म्हाताऱ्यांची बाजू मला कळत नव्हती असं नाही. त्या आडनावापायी त्यांनी मार खाल्ला होता आणि बाजारात पुन्हा तोंड दाखवणं त्यांना जड जात होतं.

"एक तर अक्षरं सरळ करा," ते म्हणाले, "न्हाई तर आडनाव काढा. मधला रस्ता न्हाई."

अक्षरं सरळ केली असती तर आमचं पाकीट बाजारातल्या ढिगात हरवलं असतं. मी म्हटलं, "आडनाव काढते."

नवऱ्याने मान खाली घातली. मी आत जाऊन जावेला विचारलं, आपली दोघींची नावं घालू का. ती "घाल" म्हणाली. नवऱ्याच्या मोबाइलवर मी तिथल्या तिथे नवं नाव जुळवलं. आडनावाच्या जागी आम्हा दोघींची नावं, पुढे तिचं, मागे माझं. तीच पोटं, त्याच शेपट्या, तशाच उड्या. मोबाइल सतरंजीवरून हातोहात फिरला. घरातल्या बायकांची नावं अशी गावोगाव नाचणार म्हटल्यावर भावकी पुन्हा पेटणार, अशी मी मनाची तयारी ठेवली होती.

कुणीच पेटलं नाही. एक जण म्हणाला, "ह्ये बराबर हाय." दुसऱ्याने जांभई दिली. चुलत सासऱ्यांनी मोबाइल लांब धरून पाहिला. जावेच्या नावावर बोट ठेवलं. ते उडालं. त्यांनी पुन्हा ठेवलं आणि पुन्हा उडालं, तसे फाटक्या ओठाने ते चक्क हसले. मार खाल्ल्यापासून पहिल्यांदाच.

"नाचू द्या की," ते म्हणाले, "आता काई तकलीफ न्हाई. ह्यात कुणाची इज्जत जाते?"

भावकी मोकळी हसली.

जाऊ चहाचा ट्रे घेऊन माझ्या शेजारून बाहेर गेली होती. ती त्यांच्यापुढे जाऊन थांबली, आणि ट्रे खाली ठेवण्याऐवजी उकळत्या चहाच्या कपांसकट त्यांच्या मांडीवर उलटा केला. म्हातारा किंचाळत उठला, माणसं धावली, कप फुटले. तिचा पदर खांद्यावर उतरला होता. तो तिने वर घेतला नाही.

"आमची जाते, मामंजी," ती म्हणाली. "आमची."