कोपऱ्यात ठेवलेलं बाळ

प्रयोगशाळेत तिला सगळे उंदीरमावशी म्हणत. पिंजरे धुणं, भुसा बदलणं, बाटल्या भरणं, यातच तिचं अर्धं आयुष्य गेलेलं. जावई एकदा म्हणाला, "सासूबाई, तुम्ही रजेवर गेलात तर बदलीला मांजर ठेवतील!" तेव्हा सगळ्यांत मोठ्यानं तीच हसली होती.

आता मात्र हसू कुठल्या कुठे पळालं. लेक बाळंत होऊन घरी आली आणि बाळाकडे बघेचना. दूध पाजायची, पण नजर भिंतीवर. बाळ रडलं की उशीत तोंड खुपसायची.

असलं मावशीनं पिंजऱ्यात पाहिलं होतं. प्रयोगशाळेतल्या मॅडम सांगत, मेंदूत निरोप्या पेशी असतात, तशा त्यांची उस्तवार करणाऱ्या मदतनीस पेशीही असतात. "लग्नात मिरवतो नवरदेव, पण आचारीच रुसला तर काय होईल, मावशी?" मॅडम काही माद्यांच्या या पेशी औषधानं मंद करत, मग पिल्लं लांबच्या कोपऱ्यात ठेवून बघत. एरवी आई एकेकाला तोंडात धरून घरट्यात आणते. या माद्या नुसत्या सुन्न बसून राहत. हे सगळं मावशीनं घरी लेकीलाही कितीदा सांगितलं होतं.

त्या दुपारी मावशीला काय सुचलं देव जाणे! तिनं बाळाला गुंडाळून खोलीच्या पार दुसऱ्या टोकाला सतरंजीवर ठेवलं आणि स्वतः दाराआड उभी राहिली.

बाळ कुरकुरलं. मग टाहो फोडला. लेक हलेना.

"ऊठ गं बाई, ऊठ," मावशी पुटपुटली.

"आई, दाराखालून पाय दिसतायत तुझे," लेक म्हणाली. "मी काय उंदरीण आहे?"

मावशीनं धावत जाऊन बाळ उचललं. "चुकलं गं माझं."

"उठायचं होतं मला. उठवतच नाही." लेकीला हुंदका फुटला. "मी वाईट आई आहे ना?"

"अगं, त्या उंदरिणींना तरी मी कधी वाईट म्हणाले का? आतली मदतनीस मंडळीच रुसून बसली तर तिनं एकटीनं काय करावं?"

"माझंही तेच झालंय?"

"मला काय कळतंय? मी भुसा बदलणारी. डॉक्टरांना विचारू. आत्ताच."

मावशी बाळाला घेऊन जिना उतरू लागली. मागून येणारी लेक अर्ध्यावर थबकली.

"टोपी राहिली त्याची," म्हणाली, आणि कठड्याला धरत, एकेक पायरी, परत वर गेली.

मावशी खाली उभी राहिली. या वेळी मात्र तिनं चोरून वर बघितलं नाही.